चाकाची फळी परत पाठवण्याबद्दल

॥ श्री मेंगाई प्रसन्न ॥

वेल्हे, शुक्रवार, संकष्टी

सौभाग्यवती वन्संच्या पायांवर धाकट्या भावजयीचा, डोक्यावर पदर घेऊन आणि गुडघा टेकून, नमस्कार. (एकच गुडघा टेकला आहे. उजवा धरला आहे, वाकत नाही. एकाच गुडघ्यात दोन्हींचा भाव समजून घ्यावा.)

इकडं देवीच्या कृपेनं सगळी खुशाल आहेत. आत्याबाईंचा खोकला गेला. तुमच्या आई म्हणून तोंडावर कौतुक करत नाही, पण पंच्याऐंशीच्या वयात काठी न घेता रोज बाजारात जाऊन गेनूशेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर दोन तास बसणं सोपं नाही. ह्यांचं पित्त दुकान बंद असलं की उठतं आणि उघडलं की बसतं, त्याला औषध नाही. तुमची प्रांजल मजेत आहे, अकरावीच्या चाचणीत चांगले मार्क पडले, वजन दीड किलोनं वाढलं (दुकानातल्या काट्यावर उभी करून बघितली, काटा खरा आहे). तुमची साखर कशी आहे? आण्णांची दाढ काढली का? काढली असली तर किती घेतले तेही कळवावं, ह्यांची एक काढायची आहे.

पत्र कशाला लिहिलं, फोन का केला नाही, असं म्हणाल. तर तुमच्याकडं फोन लागला की आण्णा स्पीकर लावतात, आणि मग आपलं बोलणं हॉटेलात जेवायला बसलेल्या ट्रकवाल्यांपासून नीरेच्या पुलापर्यंत सगळ्यांना कळतं. काही गोष्टी दोन बायकांतच राहिलेल्या बऱ्या. कागद दुकानाच्या जुन्या वहीचे पाठकोरे आहेत, मागच्या बाजूला कुणाची उधारी दिसली तर वाचू नका. पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या बंडूबरोबर पाठवते आहे. ज्या बंडूनं तुम्हाला आमच्या बाजारातली बातमी तिखटमीठ लावून सांगितली, तोच हा बंडू. म्हणून पाकीट खळीनं चिकटवून वर दोऱ्याची टीप मारली आहे. टीप उसवलेली दिसली तर त्याचं भाडं देऊ नका. (मी तसंही दिलेलं नाही.)

आता मुद्द्यावर येते. काल तुम्ही फोनवर ओरडलात ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. तुम्ही म्हणालात, "ती चाकाची फळी पोत्यात घालून उद्याच्या उद्या पाठव. न्हाईतर रविवारी येते आन् पोरगी घेऊन जाते. कालेज बी पुरं झालं." वन्सं, तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. म्हणून पत्रासोबत पोतं पाठवते आहे. तोंड माझ्या हातानं शिवलं आहे, सुतळी आपल्याच दुकानातली आहे. पण पोरगी नेण्याआधी नक्की काय घडलं ते सगळं ऐकून घ्यावं, एवढी विनंती. बंडूनं बघितलं ते सगळं झाल्यावर, टेम्पोच्या काचेतून, आणि त्याची काच त्यानं गेल्या दसऱ्याला पुसली होती.

पहिली गोष्ट, ती फळी आमच्याकडची नाही. तुमच्याच हॉटेलात पुण्याचं कुठलं तरी कुटुंब विसरून गेलं, आठ महिने कुणी न्यायला आलं नाही, म्हणून आण्णांनी लेकीला दिली. (आण्णांना बोल लावत नाही. फुकटची वस्तू टाकून कशी देणार, मीही दिली नसती.) प्रांजल तिला स्केटबोर्ड म्हणते. आमच्या बाजारात कुणी तसं म्हणत नाही, सगळे फळीच म्हणतात. लांबट पोळपाटाला खालून चार चाकं लावावीत तशी आहे. पोरगी एक पाय वर ठेवते, दुसऱ्यानं रस्ता मागं ढकलते, आणि मग दोन्ही पाय वर घेऊन बगळ्यासारखी मान काढून जाते. तुम्ही तिला आमच्याकडं शिकायला ठेवताना म्हणाला होतात, हायवेच्या कडेला पोरगी बिघडेल, तोरण्याच्या पायथ्याला शांत राहील. शांत राहिलीही असती. पण ती आली आणि दोनच महिन्यांत देवळापासून एसटी स्टँडपर्यंतचा बाजाराचा रस्ता सिमेंटचा झाला. तो उतार तुम्हाला माहीतच आहे. (तुम्हाला किती माहीत आहे, ते पुढं येईल.) इतका गुळगुळीत रस्ता आणि इतका सरळ उतार बघून देवळातल्या घंटेलाही खाली जावंसं वाटेल.

महिनाभर कुणाची तक्रार नव्हती. उलट संध्याकाळी प्रांजल आणि तिच्याबरोबरच्या चार पोरी एकाच फळीवर पाळीपाळीनं देवळापासून खाली यायच्या, ते बघायला माणसं थांबायची. आत्याबाई गेनूशेठच्या ओट्यावर बसायच्या ते ह्यासाठीच. त्यांच्या जोडीला आणखी सहा-सात म्हाताऱ्या. बसून बसून एखादी परकर घ्यायची, एखादी ब्लाउजपीस. शनिवार-रविवारी तोरणा चढून उतरलेली पुण्याची पोरं थांबायची, चहा घ्यायची, राजगिऱ्याचे लाडू घ्यायची. दुकानाची वही मीच लिहिते, म्हणून सांगते, त्या महिन्यात आमचे राजगिऱ्याचे लाडू तीन वेळा संपले. नाहीतर ते लाडू चिकट होईपर्यंत बरणीत राहतात आणि मग उपासाला मी खाते.

मग तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार आला. दुपारी दोनची वेळ. दुकानं जेवायला अर्धवट बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. देवळाशेजारच्या गिरणीपासून फळी सुटली आणि उतारावरून जी निघाली ती थांबेना. कोपऱ्यावर रतनबाई भाजी घेऊन बसते. फळी तिच्या टोमॅटोच्या पाटीवर आदळली, तिथून वळली आणि गेनूशेठनं रस्त्यावर आणून उभ्या केलेल्या पुतळ्याला लागली. पुतळ्याला नवी गुलबक्षी साडी नेसवलेली होती. पुतळा आडवा झाला, त्याचा डावा हात खांद्यातून निखळून गटाराच्या कडेला जाऊन पडला, पदर फाटला. गेनूशेठ भाताचा घास हातात घेऊन बाहेर आले आणि तो तुटलेला हात बघून आधी मट्कन खालीच बसले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईकच गेलं. (त्याच दुपारी आमचं पाच किलो ज्वारीचं पीठही सांडलं, पण ते मी वेगळ्या खात्यात मांडलं आहे.) प्रांजलला एक ओरखडाही आला नाही, ही देवीचीच कृपा. रतनबाईचे अडीच किलो टोमॅटो मी तिच्या भावानं, घासाघीस न करता विकत घेतले. बाजाराला फळीपेक्षा ह्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. चार दिवस आमच्याकडं टोमॅटोचं सार होतं. पाचव्या दिवशी ह्यांनी विचारलं, "आज एकादशी हाय का? असली तर बरं व्हईल."

झालं. त्याच संध्याकाळी गेनूशेठनं व्यापारी मंडळाची बैठक बोलावली, देवळाच्या सभामंडपात. मंडळ म्हणजे बाजारातली नऊ दुकानं. गेनूशेठ तुटलेला हात पिशवीत घालून पुरावा म्हणून घेऊन आले होते. म्हणाले, "ह्या फळीपायी धंदा बसला. गिऱ्हाईक रस्त्यात पाय ठिवायला भितंय. आन् दुसरं, सकाळच्याला भवानी व्हायच्या आत पोरगी दुकानापुढनं सर्रकन जाती, त्या दिवशी दुपारपोतुर गल्ला उघडत न्हाई." वन्सं, तुम्ही दुकानदाराच्या घरातल्या, भवानीचं काय असतं ते तुम्हाला माहीत. दिवसातली पहिली विक्री चांगल्या हातानं झाली की दिवस चांगला, वाईट हातानं झाली की दिवस कोरडा. आमचे हे तर भवानीआधी कुणाला सुट्टे पैसेही देत नाहीत, मलासुद्धा नाही. त्यामुळं गेनूशेठचं बोलणं नऊपैकी सहा जणांना पटलं. ठराव लिहायला घेतला: बाजारपेठेत फळी चालवायला कायमची बंदी. प्रांजल खांबाला टेकून उभी होती. खाली बघून एवढंच म्हणाली, "माझ्यामुळं नुकसान झालं असलं तर साडी मी शिवून देते." ती असं म्हणाली आणि वन्सं, मी गुडघा धरून उठले.

म्हणून मी बोलले. (बायकांनी बोलायचं नाही असा काही मंडळाचा नियम नाही, फक्त आजवर कुणी बोललं नव्हतं.) मी म्हटलं, बंदीनं धंदा वाढतो का कमी होतो हे आधी मोजून बघू. आठ दिवस फळी चालू ठेवू, आठ दिवस बंद ठेवू, दोन्ही आठवड्यांची विक्री मांडू, मग कायमचं ठरवू. सगळे म्हणाले, वहिनीची वही पैशापैशाची असते, वहिनीनंच मोजावं. इथपर्यंत छान झालं. पण विक्री सांगायची म्हटल्यावर नऊच्या नऊ जण सभामंडपाच्या छताकडं बघायला लागले. सख्ख्या भावाला गल्ला सांगत नाही असला हा बाजार, मला काय सांगणार? आमच्या ह्यांनीसुद्धा "आमचं बी राहू दे" म्हटलं, आमची वही माझ्याच हातात असून.

मग मी तोड काढली. दर दुकानाचा एक डबा, आपल्याच दुकानातले खारीचे रिकामे डबे धुऊन दिले. नऊ डबे देवीपुढं मांडले. प्रत्येक दुकानदारानं दिवसाला जेवढी गिऱ्हाइकं, तेवढे हरभरे रोज सांजच्या आरतीला आपल्या डब्यात टाकायचे. रुपये नाहीत, नुसती डोकी. माझ्याशी खोटं बोलतील, देवीपुढं खोटे हरभरे कोण टाकेल, असा माझा हिशोब. (हरभरे ज्याचे त्यानं आणायचे. गेनूशेठनं किडके आणले.) गिऱ्हाईक कशाला म्हणायचं ह्यावरच एक तास गेला. नुसता भाव विचारून गेला तो धरायचा का? रुपयाची गोळी घेणारं पोर अर्धं धरायचं का? अर्धा हरभरा म्हणजे डाळ, म्हणून डाळही आणायची ठरली.

मोजणी मंगळवारी, देवीचा वार बघून, सुरू केली. पहिले आठ दिवस फळी चालू. मोजणीचं काम म्हटल्यावर पोरी इतक्या नेमानं फेऱ्या मारायला लागल्या की गेनूशेठच घड्याळ बघून सांगायचे, "साडेपाचची फेरी व्हायची हाय अजून." आता मंडळाची अंदरकी बात ऐका. बंदी पाहिजे असलेल्यांनी काय करायला पाहिजे होतं? ह्या आठवड्यात हरभरे कमी टाकायचे. गेनूशेठनं पहिल्या दिवशी तसंच केलं, मूठभर टाकायच्या जागी सातच टाकले. घरी गेले, जेवायला बसले आणि ताटावरून उठले. देवीपुढं सातच गिऱ्हाइकं दाखवली आणि देवीनं तेच खरं धरलं तर? उद्यापासून खरोखरच सात यायला लागली तर? दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ओल्या अंगानं गेले आणि डब्यात दोन मुठी जास्त टाकून आले. हे त्यांनी एकट्यानं केलं असतं तर मी सुधारून घेतलं असतं. पण वन्सं, आठही जणांनी केलं. देवीपुढं आपलं दुकान गरीब दाखवायची हिंमत एकाचीही झाली नाही. चौथ्या दिवशी डबे भरले. गुरवाची कमळाबाई, देवळाची झाडलोट करते ती, मला म्हणाली, "वैनी, ह्या हरभऱ्यांच्या मानानं आपल्या बाजारात पुण्याची मंडई उतरली म्हनायची." बरोबर संख्या एकाच डब्यात होती, ती आमच्या. चारशे बारा हरभरे आणि अकरा डाळी.

दुसरे आठ दिवस फळी बंद. फळी मी माझ्या पेटीत कुलपात ठेवली. पहिल्या दिवशी रस्ता इतका शांत, की गिरणीचा पट्टा ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी गेनूशेठनं पुतळा (हात सुतळीनं बांधलेला) आणखी दोन हात रस्त्यावर पुढं आणून ठेवला, आता कुणाची धडक बसायची नाही म्हणून. ते बघून समोरच्या भांडीवाल्यानं पिंपांची चळत बाहेर काढली. आमच्या ह्यांनीही, मी नको नको म्हणत असताना, खराटे आणि सुपं रस्त्यावर मांडली. चार दिवसांत रस्ता असा झाला की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीनं कुणाच्या तरी दुकानात शिरावं, आणि शिरल्यावर दुकानदारानं "काय देऊ?" विचारलं की तिनं ओशाळून निघून जावं. बंदीनं रस्ता मोकळा झाला खरा, पण तो गिऱ्हाइकाला नाही झाला, दुकानांना झाला. म्हाताऱ्या ओट्यावर यायच्या बंद झाल्या, बघायला काही नाही तर बसून काय करायचं. आत्याबाई घरी बसून माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढायला लागल्या. रविवारी तोरण्यावरची पोरं उतरली ती सरळ गाड्यांत बसून गेली. लाडू बरणीत चिकट झाले, आज संकष्टीला तेच खाल्ले. आमच्या डब्यात आठ दिवसांत तीनशे चाळीस हरभरे आणि दोन डाळी. बाकीचे डबे मात्र आणखी भरले, कारण आता बंदी पाहिजे असलेल्यांना जास्त दाखवायचंच होतं, आणि नको असलेल्यांना देवीची भीती होतीच.

निकालाची बैठक काल, गुरुवारी, संध्याकाळी. मी वही घेऊन, चष्मा पुसून, सगळ्यांच्या आधी देवळात गेले. देवीपुढं नऊ डबे उपडे वाळत घातलेले. स्वच्छ घासलेले. कमळाबाई मागच्या पडवीत मोठ्या पातेल्यात काहीतरी हलवत होती. मी म्हटलं, कमळाबाई, हरभरे? ती म्हणाली, "भिजत घातलं की कालच. देवीपुढचं धान, येवढं वाया कुठं घालवायचं? तुमीच म्हनला हुता न्हवं, मोजणी झाली की उसळ करा?" वन्सं, मी म्हटलं होतं. मोजणी झाली की म्हटलं होतं. अन्न वाया जाऊ नये म्हणून आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, कारण मी सांगितलं नसतं तर ते पाखरांना टाकले असते. कमळाबाईला वाटलं, रोज संध्याकाळी आरतीला टाकतात तीच मोजणी. तिनं किडके वेचून बाजूला काढले होते, त्यामुळं गेनूशेठचा तेवढा आकडा वेगळा निघाला, पण त्याचा उपयोग नव्हता. मंडळ जमलं. प्रसाद नाही म्हणता येत नाही. सगळ्या बाजाराचं सोळा दिवसांचं गिऱ्हाईक आम्ही द्रोणात घेऊन बसलो आणि खोबरं घालून खाल्लं. चांगली झाली होती. मीठ जरा कमी.

आता पुरावा पोटात गेल्यावर निकाल कसा लागणार? बंदीवाले म्हणाले, बंदी. मी वही उघडून आमच्या दुकानाचे दोन्ही आकडे वाचले. ह्यांना पित्ताचा त्रास झाला, पण वाचले. भांडीवाला म्हणाला, एका दुकानावरून बाजार ठरत नाही. मी मागं वळून प्रांजलकडं बघितलं. ती पुन्हा त्याच खांबाला टेकून उभी, आणि ह्या खेपेला डोळ्यांत पाणी. आणि तेवढ्यात, द्रोण हातात धरून, गेनूशेठ उभे राहिले.

झालं होतं असं. निकालाच्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, गेनूशेठची भवानी बारा वाजेपर्यंत झाली नव्हती. फळी तर निकालापर्यंत कुलपातच, म्हणजे दोष द्यायलाही कुणी नाही. बारा वाजता कॉलेजला जाताना प्रांजल दुकानात शिरली. पुतळ्याचा फाटका पदर शिवून देते म्हणाली होती ना, त्यासाठी गुलबक्षी दोऱ्याचं रीळ घ्यायला. दहा रुपयांचं रीळ. भवानी. ती पायरी उतरते तोच वरच्या धनगरवाड्यातली मंडळी जीपमधून उतरली, लग्नाचा बस्ता बांधायला. नवरदेवाचे फेटे, करवल्यांच्या साड्या, मानपानाची टोप्या-टॉवेलं. तीन तास कापड फाडत होते. गेनूशेठ सभामंडपात म्हणाले, "हरभऱ्याचं ऱ्हाऊ द्या. त्या पोरीच्या हाताला गुण हाय. म्या उगाच नाव ठिवलं. बंदी माघारी घ्या, फकस्त येक अट. रोज सकाळी पोरीनं पैली भवानी माज्या दुकानात करायची, मग कुठं बी जाऊ द्या, फळीवरनं जाऊ द्या न्हाईतर हवेतनं."

त्यावर जो कल्ला झाला तो बंदीवर झाला नव्हता. भांडीवाला म्हणाला, रोज तुमच्याकडंच का? आमची दुकानं काय धर्मशाळा आहेत? रतनबाई तर मंडळात नाही, तरी कोपऱ्यावरून उठून आली आणि म्हणाली, "टोमॅटो माजं फुटलं, पैली पाळी माजी." (तिचं म्हणणं मी ताबडतोब मान्य केलं.) शेवटी पाळ्या लावल्या. नऊ दुकानं आणि रतनबाई, दहा दिवसांनी एकेकाची पाळी. यादी माझ्या अक्षरात देवळाच्या फळ्यावर लावली आहे. आठवड्याच्या बाजारादिवशी फळी बंद, बाकी दिवस चालू, पुतळे आणि पिंपं पायरीच्या आत. एवढा ठराव झाला. भवानीचा रुपया कुणी द्यायचा हा प्रश्न तेवढा राहिला. दुकानदारानं आपलाच रुपया पोरीच्या हातात देऊन घेतला तर ती भवानी होत नाही, आणि आमच्या वहीत ह्या खर्चाला खातं नाही.

तर वन्सं, असं आहे. बाजारानं तुमच्या लेकीला दहा दिवसांच्या पाळीत बांधून घेतलं आहे. रविवारी तुम्ही तिला घेऊन गेलात तर सोमवारी गेनूशेठ, मंगळवारी भांडीवाले, असे सगळे सारोळ्याला तुमच्या हॉटेलात येऊन बसतील, आणि चहा उधार मागतील. तरी तुम्ही मोठ्या. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पोतं मिळाल्याचं कळवावं. आण्णांना नमस्कार. साखर सांभाळावी, आंबेमोहोराचा भात रात्री टाळावा (दोन पायल्या पाठवणार होते, मग तुमच्या साखरेचा विचार करून एकच पाठवली).

तुमची भावजय,
सौ. सुलक्षणा

ता. क. वरचं पत्र मी परत एकदा वाचून बघितलं. आज संकष्टीचा उपास आहे, उपासाला मी खोटं लिहीत नाही. तुम्हीही परत वाचा. त्या गुरुवारी फळीवर प्रांजल होती असं मी कुठंही लिहिलेलं नाही. ती तेव्हा कॉलेजात तासाला बसली होती. फळीवर मी होते. बसलेली होते, उभी नव्हते, आणि मांडीवर दळणाचा डबा होता. गिरणीवाला डबा घरी पोचवायचे वीस रुपये घेतो, महिन्याला चार दळणं, म्हणजे ऐंशी, वर्षाचे नऊशे साठ. आधीच्या तीन खेपांना नीट उतरले होते. चौथ्या खेपेला पदर चाकात गेला. बघितलं फक्त रतनबाईनं, म्हणून टोमॅटो तिच्या भावानं. गेनूशेठ बाहेर येईपर्यंत मी लंगडत बोळात शिरले होते. संध्याकाळी प्रांजलला सगळं सांगितलं, तर पोरगी म्हणाली, "मामी, माझं नाव राहू द्या. मला लोक काय, हसतील. तुम्हाला देवळात हसतील." माझ्या जागी तिनं तीन आठवडे मान खाली घालून काढले. आता माझ्यासाठी तिचं कॉलेज सुटलं तर मी देवीपुढं कोणता हरभरा टाकू? शिक्षा द्यायची तर मला द्या. तिला नेऊ नका. काल बैठकीत सांगायला उभी राहणार होते, तेवढ्यात गेनूशेठ उठले. देवीच्या मनात नसावं. ह्यांना अजून माहीत नाही, म्हणून तर पाकिटाला टीप मारली आहे.

दुसरा ता. क. आण्णांच्या हॉटेलात अशी आणखी एखादी फळी कुणी विसरून गेलं तर आठ महिने थांबू नये, सहा पुरेत. आणि गुडघ्याला बांधायच्या त्या जाड गाद्या असतात, त्या विसरून गेलं तर फारच बरं. एक जोडी मोठ्या मापाची.

तिसरा ता. क. पोत्यात फळी आहे असंही मी कुठं लिहिलेलं नाही. पोत्यात भाताच्या पायलीखाली एक जुना लाकडी पाट आहे, माळ्यावर सापडला. एक कोपरा तुटलेला आहे. फळीवरून तुम्ही काल फोनवर ओरडलात ते आत्याबाईंनी शेजारी बसून ऐकलं, मग आपण होऊन माळ्यावर बोट दाखवलं. म्हणाल्या, तेव्हा रस्ता मातीचा होता, पाट शेणानं सारवून गुळगुळीत केला होता, आणि देवळापासून खाली येणारी पोरगी नऊ वर्षांची होती. कोपरा कुणाच्या उंबऱ्यावर तुटला ते वन्संनाच विचार, असंही म्हणाल्या. मी विचारत नाही. पाट जपून ठेवा, आणि रविवारी याल त्या सकाळी सहाच्या आत या. त्या वेळी बाजार उघडलेला नसतो.